पाणी न पिणे हा पी-व्हॉल्व्हला पर्याय नाही

ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा पोशाख) घालून थंड पाण्यात उतरणाऱ्या स्कूबा डायव्हरांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे: ‘डाइव्हच्या आधी काही तास पाणी पिऊ नका, लघवी लागलीच तर रोखून धरा, सूटला भोक पाडून पी-व्हॉल्व्ह (लघवी नळीवाटे सूटबाहेर सोडणारी झडप) बसवला, तर सूट गळणार आणि जंतुसंसर्ग होणार.’ यातला पाणी न पिण्याचा भाग मला सर्वांत घातक वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पाण्याखाली लघवी लागते ती केवळ आधी प्यालेल्या पाण्यामुळे नव्हे. शरीर पाण्यात बुडाले की भोवतालच्या दाबामुळे हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसल्या की त्यात भर पडते, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि शरीरात द्रव जास्त झाल्यासारखी प्रतिक्रिया सुरू होते. लघवीचे प्रमाण कमी ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे स्रवण घटते व मूत्रपिंडांचे काम वाढते. तहानलेल्या डायव्हरच्या बाबतीतही हे टळत नाही, फक्त जाणारे पाणी त्याच्या आधीच तोकड्या साठ्यातून जाते. शिवाय सिलिंडरमधली हवा कोरडी असल्याने श्वासागणिक ओलावा जातो, तो वेगळाच. डायव्हिंग वैद्यकात निर्जलीकरण हे डीकम्प्रेशन आजाराच्या (वर येताना दाब झपाट्याने घटून शरीरात वायूचे बुडबुडे झाल्याने होणाऱ्या त्रासाच्या) संभाव्य कारणांत धरले जाते, ते उगाच नाही.

रोखून धरण्याचा सल्ला तर लांब डाइव्हमध्ये टिकतच नाही. डीकम्प्रेशन आजार टाळण्यासाठी वर येताना ठरावीक खोलीवर थांबणे अपरिहार्य असते, आणि कळ असह्य झालेला माणूस नेमका तो थांबा आटोपता घेण्याच्या मोहात पडतो.

गळतीचा आक्षेप मुख्यतः जोडणीबद्दलचा आहे. व्हॉल्व्हमधला एकदिशा पडदा बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही. सूट आतून ओला होतो तो बहुधा नळी मुरडल्यामुळे किंवा कॅथेटर (नळीला जोडलेले, पुरुषांनी निरोधासारखे बाहेरून चढवायचे आवरण) सुटल्यामुळे. नळीत अडकलेल्या हवेचा प्रश्न मात्र खरा आहे: 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, हवा निम्म्यावर येते आणि कॅथेटर त्वचेला ओढू लागते. संतुलित व्हॉल्व्हमध्ये सूटमधली हवा नळीत शिरून हा फरक भरून काढते. असंतुलित व्हॉल्व्ह वापरणाऱ्याने खोल जाण्यापूर्वीच थोडी लघवी करून नळी भरून घ्यावी.

संसर्गाची भीती निराधार नाही. पी-व्हॉल्व्ह वापरणाऱ्यांना मूत्रमार्गाचा गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. परंतु त्यावरचा उपाय व्हॉल्व्ह काढून टाकणे हा नसून प्रत्येक डाइव्हनंतर नळी व व्हॉल्व्ह जंतुनाशकाने आणि मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे, आणि कॅथेटर दर वेळी नवे घेणे हा आहे. स्त्रियांसाठी बाहेरून वैद्यकीय चिकट द्रव्याने बसवायचे साधन मिळते. ते नीट बसवायला सराव लागतो, म्हणून पहिला प्रयोग घरी कोरड्यातच करावा. ज्यांना तेवढी खटपट नको, त्यांना छोट्या डाइव्हसाठी मोठ्यांचा डायपर पुरतो, आणि तो घालूनही पाणी पोटभर पिता येते.