कॉन्स्टंटाईनला एवढं श्रेय नको

वसईत आमच्या घरी एका बाळाचा बाप्तिस्मा ठरला आणि धर्मपित्यावरून वाद पेटला. ज्या चुलतभावाचा मान होता, तो अलीकडे चर्च सोडून एका प्रार्थनामंडळीत जातो. त्याने सांगितलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन नावांनी पाणी ओतणार असाल तर मी उभा राहणार नाही. ओतायचं तर फक्त येशूच्या नावाने. म्हणे त्रैक्य, म्हणजे एकच देव पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तिघांत, हे बायबलात नाहीच. 325 साली कॉन्स्टंटाईन बादशहाने नायसियात बिशप गोळा केले, हात वर करायला लावले आणि येशूला देव करून टाकलं. शेजारच्या काकांनी वर फोडणी घातली, "अरे, तो आमचा दत्तच. कोणीतरी तुमच्याकडे नेला." हे सगळं एका लांबलचक ऑडिओत माझ्याकडे आलं. ताई, म्हणजे मी, इंग्लंडात चेल्टनममध्ये राहते, म्हणजे तिला माहीत असणारच.

नाईट ड्यूटी संपवून लिडलच्या पार्किंगमध्ये मी तो ऐकला आणि दूध घ्यायचं विसरले.

मला राग त्याच्या श्रद्धेचा आला नाही, कॉन्स्टंटाईनला फुकट मिळालेल्या श्रेयाचा आला. नायसिया ज्या बिथिनिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) होतं, तिथेच सुमारे 112 साली प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. नायसियाच्या अर्धवट नाटकगृहावर किती पैसा बुडाला, याचंही रडगाणं त्याने सम्राट ट्रेजनला लिहून कळवलं आहे. असा हिशेबी माणूस. त्याने ख्रिस्ती लोकांची चौकशी केली, दोन दासींचा छळ करून जबाब काढला आणि कळवलं, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. म्हणजे बादशहाच्या सभेआधी दोनशे वर्षं त्याच मुलखात हे चालू होतं, आणि कळवणारा आमच्या बाजूचा नव्हताच. त्याच्याही आधी प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट बघा: ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू होताना फादर तेच म्हणतात. तीन नावांनी बाप्तिस्मा द्या, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे.

लोक आधी प्रार्थना करत होते. देव एकच, हे यहुदी धर्मातून आलेलं, ते सोडायचं नव्हतं. आणि येशूपुढे गुडघे टेकणंही थांबत नव्हतं. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हा घोळ निस्तरायला पुढे तीनशे वर्षं लागली. कार्थेजच्या तर्तुलियनने 200 सालाच्या आसपास या कल्पनेला लॅटिनमध्ये नाव दिलं, ओरिजेन या विद्वानाने ग्रीकमध्ये डोकं फोडलं, आणि अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने सरळ उत्तर काढलं: पुत्र सगळ्यांत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला, तो नव्हता अशी एक वेळ होती. एरियस मूर्ख नव्हता. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे योहानाच्या शुभवर्तमानात येशूच म्हणतो. खलाशी आणि चक्कीवाले गुणगुणतील अशी गाणी त्याने केली, असं जुने इतिहासकार सांगतात. आमच्या भावाच्या मंडळीत गिटार आहे, तेव्हा पद्धत तीच.

नायसियात एरियस हरला. शेवटी सही नाकारणारे बिशप दोनच निघाले, त्यांना त्याच्यासोबत हद्दपार केलं. इथपर्यंत भावाची गोष्ट चालते. पुढचं तो सांगत नाही. काही वर्षांत कॉन्स्टंटाईनने एरियसला परत बोलावलं आणि त्याचा कट्टर विरोधक अथानेशियस याला 335 साली पार ट्रियरला पाठवलं. 337 मध्ये मरणशय्येवर बादशहाने बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे एरियसच्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस तर उघड दुसऱ्या बाजूला. अथानेशियस पाच वेळा हद्दपार झाला. बादशहाने लादलेलं मत असतं, तर आज आपण सगळे एरियसवादी असतो. (380 साली थिओडोसियस बादशहाने हुकूम काढून त्रैक्याचंच मत सक्तीचं केलं, हे मला माहीत आहे. ते ऑडिओत नव्हतं, म्हणून मी त्यात शिरत नाही.)

आणि दत्त? काकांचा मान ठेवून सांगते, ब्रह्मा-विष्णू-महेश यांची कामं वाटलेली आहेत: एकाने निर्मायचं, एकाने सांभाळायचं, एकाने संपवायचं. त्रैक्याच्या शिकवणीत नेमकी हीच वाटणी चालत नाही. एक करतो ते तिघेही करतात. घारापुरीची ती भव्य मूर्ती सहाव्या शतकाच्या सुमाराची, आणि तीही शिवाचीच तीन मुखं. नायसिया तोवर जुनं झालं होतं. भावाचं "फक्त येशू" हे मतही काही पेंटेकॉस्टच्या, म्हणजे चर्चच्या जन्माच्या, दिवशीचं नाही. येशूच्या नावाने बाप्तिस्मा घ्या, हे वचन बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतलं आहे, हे कबूल. पण त्यावर उभी राहिलेली त्याची चळवळ 1913 सालच्या लॉस एंजेलिसजवळच्या एका शिबिरातून निघाली. कॅलिफोर्नियाचा माल वसईत येऊन प्राचीन होतो.

इथे इंग्लंडात असली भांडणं कोणी करत नाही. एके काळी जिवावर बेतायची. 1612 साली लिचफिल्डच्या बाजारात एडवर्ड वाइटमनला जाळलं. त्रैक्य नाकारणं हा त्याच्यावरच्या आरोपांतला एक. न्यूटनला ही शिकवण पटत नव्हती. त्याने ढीगभर लिहून ठेवलं, पण तोंड मिटून अनेक वर्षं ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्याच्याच नावाच्या कॉलेजात काढली. आज आमच्या रस्त्यावरच्या अँग्लिकन चर्चच्या फळ्यावर "ट्रिनिटीनंतरचा नववा रविवार" आणि खाली "कॉफी मॉर्निंग, केक आणावा" असं असतं. केक येतो.

याच चेल्टनममध्ये 1884 पासून पंडिता रमाबाई राहिल्या. त्या होत्या त्या लेडीज कॉलेजच्या पाटीवरून मी रोज जाते. वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईने इथून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्राचार्या मिस बील यांना पत्रावर पत्र लिहून त्रैक्यावर वाद घातला. चर्च सांगतं म्हणून अथानेशियसच्या नावाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा ठरलेला जाहीरनामा, मी म्हणणार नाही, अशी भूमिका घेतली. ज्यांच्या घरात राहायचं, त्यांच्याशीच भांडायचं. खरं तर त्या या प्रकरणात माझ्या नव्हे, भावाच्या जवळच्या. पण त्यांनी पुस्तकं वाचून भांडण केलं, ऑडिओ ऐकून नाही.

वॉर्डात मला अजून विचारतात, तुमच्या लोकांना ब्रिटिशांनी कधी ख्रिस्ती केलं? मी सांगते, आठव्या हेन्रीने स्वतःला चर्चचा प्रमुख केलं ते 1534 साली, आणि त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांकडे गेली. तेव्हा तुमचं चर्च आणि आमचं साधारण एका वयाचं. समोरचा "हाऊ इंटरेस्टिंग" म्हणतो आणि चहा घ्यायला निघून जातो. रविवारी मिस्सेला मागच्या बाकांवर मल्याळी, पोलिश, फिलिपिनो. आम्ही बाहेरचे लोक मिळून हे चर्च उघडं ठेवतो, आणि तरी तिथे माझं मत कोणी मागत नाही. आळीपाळीने वाचन करायचं, घरी यायचं.

निस्साच्या ग्रेगरी या बिशपने त्या वादाच्या काळातल्या कॉन्स्टँटिनोपलची तक्रार लिहून ठेवली आहे. सुटे पैसे मागा, तर दुकानदार पुत्र जन्मलेला की न जन्मलेला यावर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारा, तर म्हणतो पिता थोर. न्हाणीचं पाणी तापलं का विचारा, तर उत्तर येतं, पुत्र शून्यातून घडला. बिचारा वैतागून लिहितो. मला ते वाचून वसईचा होळी बाजार आठवतो आणि पोटात तुटतं. भावाने मान नाकारला, आत्याला रडवलं, जेवणावळीचा विचका केला. पण देव नेमका कोण, यावरून केला. असा माणूस या गावात मला भेटलेला नाही. मी त्याला दिलेलं उत्तर त्याच्या ऑडिओपेक्षा लांब झालं, आणि त्याचं प्रत्युत्तर अजून आलं नाही म्हणून मी दिवसातून कितीदा फोन बघते ते सांगत नाही.

त्याच आठवड्यात लेकीने जेवताना विचारलं, "मम्मी, ट्रिनिटी म्हणजे तुमच्याकडची त्रिमूर्तीच ना, साधारण?" आरईच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्कशीटवर शेजारी शेजारी दोन चौकोन होते. काकांना दिलेलं सगळं उत्तर मी तिलाही दिलं. तिने भाताचा घास संपवला, पिता आणि पुत्र यांच्यावर दोन-दोन ओळी खरडल्या आणि शीट दप्तरात कोंबली. सहापैकी चार मिळाले. पवित्र आत्म्याबद्दल काहीच लिहिलं नाही म्हणून दोन कापले. नायसियाच्या बिशपांनीही आत्म्याला एवढीशी ओळ देऊन बाकीचं 381 च्या सभेवर सोडलं होतं, तेव्हा मी शिक्षिकेला ईमेल करणार आहे.