पडलेल्या नाटकाचं शेवटचं पद

परवा गावात देवळात भजनाला बसलो होतो. कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना आमचं गाव लागतं. बुवांनी तुकोबांचा अभंग घेतला आणि माझ्या हातातली झांज थांबली. चाल ओळखीची होती. शेजारी सोळा वर्षांचा पोरगा बसलेला, त्याला हळूच विचारलं, "ही चाल खंयची रे?" म्हणाला, "आमच्या नाटकातली."

आमच्या! नाटक झालं १९८९ साली. या पोराचे वडील तेव्हा शाळेत होते.

त्या नाटकाचे प्रयोग झाले एकूण दोन. पहिला एका स्पर्धेत, तिथे उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही. दुसरा आमच्या देवळासमोर. दुसऱ्या अंकात लाईट गेली, पेट्रोमॅक्स पेटवेपर्यंत निम्मे लोक घोंगड्या झटकून घरी. नाटक पडलं. माझे बाबा ऑर्गनला होते, त्यामुळे 'पडलं' हा शब्द लहानपणी आमच्या घरात फार ऐकला. परीक्षकांनी अन्याय केला असं मी म्हणणार नाही. बावीस पदं, कथानक एवढंसं आणि तिसरा अंक संपता संपत नाही. नाटक म्हणून ते कच्चंच होतं. (नाव लिहीत नाही, लेखकाच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही.)

पण ती पदं गावाने सोडली नाहीत. नांदी दरवर्षी गणपतीत होते. एक पद लग्नाच्या आदल्या रात्री बायका म्हणतात. शेवटचं भीमपलास रागातलं पद तर भजनात शिरलं, शब्द तुकोबांचे आणि चाल नाटकाची. मुंबईहून चाकरमानी आले की रात्री ओटीवर कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्या नाटकातला ता पद म्हण मा!" कुठलं नाटक, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं मला उगाच आठवलेलं नाही. गेल्या वर्षी पुण्याच्या भाच्याने मला 'मेरिली वी रोल अलाँग' या न्यूयॉर्कच्या संगीत नाटकाची गाणी ऐकवली. १९८१ चं नाटक. संगीत आणि गीतं स्टीफन साँडहाइम यांची, दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स, म्हणजे तिथली त्या काळची सगळ्यात मोठी जोडी. गोष्ट उलटी चालते. तीन मित्रांची तुटलेली मैत्री आधी दिसते आणि ती जुळली कशी हे सगळ्यात शेवटी. कोवळी पोरं चाळिशीतली माणसं करत होती. कोण कोणाचं कोण हे लोकांना कळावं म्हणून नटांच्या अंगातल्या शर्टांवर ते चक्क छापलं होतं. सोळा प्रयोगांत नाटक बंद.

आणि बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी पोरं स्टुडिओत गेली आणि पदं रेकॉर्ड करून आली. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आदल्या रात्री शेवटचा पडदा पडलाय, पुढे काही नाही हे माहीत आहे, आणि तरी सकाळी उठून गळा साफ करून माइकसमोर उभं राहायचं! त्या रेकॉर्डवर पुढच्या पिढ्या त्या नाटकाच्या प्रेमात पडल्या. साँडहाइम आणि संहिता लिहिणारे जॉर्ज फर्थ ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहिले. २०२३ मध्ये ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, परत आलं, तुफान चाललं, आणि २०२४ मध्ये पुनरुज्जीवित संगीत नाटकाचा तिथला मानाचा टोनी पुरस्कार घेऊन गेलं. ते बघायला साँडहाइम नव्हते, २०२१ मध्येच गेले.

आपल्याकडचं बघा. 'मर्मबंधातली ठेव ही' कोकणात कुठल्याही मैफलीत म्हणा, माना डोलतात. ते 'संन्यस्त खड्ग'मधलं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी लिहिलेलं नाटक, १९३१ मध्ये बळवंत संगीत मंडळीने केलं. चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या, म्हणजे आमच्या सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या माणसाच्या, आणि गायले दीनानाथ मंगेशकर. पण हे नाटक रंगमंचावर पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. पद म्हणणारे शेकड्याने भेटले.

म्हणून मला 'पडलं' या शब्दाचा राग येतो. त्या रात्री किती लोक बसले आणि स्पर्धेचा निकाल काय लागला, एवढंच त्यातून कळतं. लोक मला म्हणतात, तुला बाबांची आठवण येते म्हणून तुला ते नाटक मोठं वाटतं. बाबांची आठवण येते, रोज येते. पण भजनातल्या त्या पोराला कुठे माझे बाबा आठवतात? त्याला चाल आवडते. त्याच्या गळ्याला ती बसते. याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठला परीक्षक देणार होता?

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे त्या दुसऱ्या प्रयोगाची नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. बाबांच्या मित्राने विंगेत बसून केलेली. फक्त पदं घ्यायची, गद्य सुरू झालं की बटन बंद. तरीही शेवटच्या पदाचा पहिला अंतरा संपता संपता टेप संपली. आणि पस्तीसेक वर्षं सगळं गाव ते पद तेवढंच म्हणतं! दुसरा अंतरा आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरायला लागली तेव्हा मी ती कणकवलीला एकाकडे नेऊन मोबाइलवर उतरवून घेतली, आणि ती फाइल नाटकात नायिका केलेल्या आमच्या शाळेच्या बाईंना पाठवली. बाई आता सत्तरीच्या आहेत, मुलीकडे कोल्हापूरला असतात.

अर्ध्या तासात फोन. "एवढं धावत नव्हते रे मी! आणि माझी पट्टी काळी दोन, हे चढलंय कुठे?" (काळी दोन म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, तो बाईंचा सा.)

मग उलगडा झाला. लाईट गेल्यावर टेप बॅटरीवर चालवला होता. सेल उतरत गेले, टेप हळू फिरली, म्हणून आता वाजवताना सगळं चढं आणि घाईचं येतं. आम्ही सगळे उतरलेल्या सेलच्या लयीत ते पद शिकलो. बाईंनी फोनवरच ते ठाय, म्हणजे संथ लयीत धरलं, पहिला अंतरा म्हटला, आणि न थांबता दुसऱ्यात शिरल्या. दोन ओळी आल्या. तिसरीला अडल्या. म्हणाल्या, "शब्द जिभेवर आहेत, पेटी लागली की येतील."

तुमच्याकडे, देवगड, मालवण, राजापूर कुठेही, गावच्या नाटकाच्या अशा कॅसेटी माळ्यावर पडल्या असतील तर या पावसाळ्याआधी खाली काढा. उतरवून घ्यायची सोय नसेल तर मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन.

रविवारी पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला चाललोय. बाबांची पेटी सोबत आहे. काळी दोनची पट्टी काल तपासून घेतली.