श्वेत सेना जिंकली असती तर झार परत आला असता?

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियात झालेल्या यादवी युद्धाबद्दलचा एक दावा समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात असा: लेनिनच्या बोल्शेविकांऐवजी त्यांच्याशी लढणारी श्वेत सेना जिंकली असती तर झारचं रोमानोव्ह घराणं पुन्हा गादीवर बसलं असतं, कारण श्वेत सेना म्हणजे झारचेच उमराव. सायबेरियातला श्वेत नेता अॅडमिरल कोल्चाक याने देश सांभाळला असता आणि पुढे शांतपणे लोकशाही आली असती. मला हा दावा पटत नाही. त्यातली माणसंच चुकीची रंगवली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"झार परत आला असता."

कोणता झार? दुसऱ्या निकोलसने मार्च १९१७ मध्ये गादी सोडली ती भाऊ मिखाईलच्या नावे. मिखाईलने दुसऱ्याच दिवशी कळवलं की लोकांनी निवडलेल्या संविधान सभेने बोलावलं तरच गादी घेईन. त्याला जून १९१८ मध्ये पेर्मजवळ गोळ्या घातल्या. निकोलसला बायकामुलांसह १६-१७ जुलैच्या रात्री येकातेरिनबुर्गमध्ये मारलं. बोल्शेविकविरोधी फौजा त्या शहरात शिरल्या २५ जुलैला. त्यांची मोठी चढाई अजून पुढेच होती आणि गादीचे जवळचे वारस संपले होते.

दूरच्या नात्यातले दोघे दावेदार सांगितले जातात. किरिल व्लादिमिरोविच फेब्रुवारी क्रांतीत (हे नाव जुन्या रशियन दिनदर्शिकेवरून; आजच्या दिनदर्शिकेत तो मार्च १९१७), झारने गादी सोडायच्या आतच, आपली आरमारी तुकडी घेऊन ड्यूमाच्या, म्हणजे संसदेच्या, दारात गेला होता. कट्टर राजनिष्ठांनी ते कधी विसरलं नाही. १९२४ मध्ये त्याने परदेशात स्वतःला सम्राट जाहीर केलं, तेव्हा निकोलसच्या आईनेही ते मान्य केलं नाही.

दुसरा निकोलाय निकोलायेविच, महायुद्धातला माजी सरसेनापती. सैन्यात त्याच्या नावाला वजन होतं. तो एप्रिल १९१९ पर्यंत क्रिमियात राहत होता, म्हणजे दक्षिणेतल्या श्वेत सेनेच्या अगदी जवळ. राजा हवाच असता तर निरोप धाडायला किती वेळ लागला असता? तिथल्या श्वेत सेनेचा प्रमुख, सेनापती देनिकिन, याने त्याच्या हाती सूत्रं दिली नाहीत. निकोलाय निकोलायेविच 'मार्लबरो' या ब्रिटिश युद्धनौकेवरून देश सोडून गेला. त्याला सूत्रं न देण्याचं कारण, श्वेत सेनापतींचं धोरणच असं होतं की आधी मॉस्को घ्यायचं, राज्यपद्धती नंतर लोक ठरवतील. झारचं नाव घेतलं असतं तर सैन्यातले शेतकरी बिथरले असते आणि उदारमतवादी साथीदार तुटले असते.

राजेशाहीचा ठराव एका श्वेत सत्तेने केला, हे खरं. सेनापती दितेरिख्सच्या काळात अतिपूर्वेच्या व्लादिवोस्तोक शहरातल्या सभेने सर्वोच्च सत्ता रोमानोव्ह घराण्याची असल्याचं जाहीर केलं. पण तो १९२२ चा उन्हाळा होता. ऑक्टोबरात ते शहरही गेलं.

"श्वेत सेना म्हणजे झारचे उमराव."

देनिकिनचा बाप जन्माने भूदास होता. शिपाई म्हणून सैन्यात गेला आणि मेजर होऊन निवृत्त झाला. सेनापती कोर्निलोव्ह सायबेरियातल्या कोसॅक घरातला. मार्च १९१७ मध्ये सम्राज्ञी अलेक्झांड्राला अटकेचा हुकूम ऐकवायला गेला तो हाच. झारचा सेनाप्रमुख अलेक्सेयेव्ह याने गादी सोडण्याचा सल्ला देणाऱ्या आघाडीवरच्या सेनापतींच्या तारा मागवून झारपुढे ठेवल्या आणि त्यानंतरच झारने गादी सोडली. दक्षिणेतली स्वयंसेवक सेना, म्हणजे पुढे देनिकिनच्या हाती आलेली श्वेत फौज, उभी केली ती अलेक्सेयेव्ह आणि कोर्निलोव्ह यांनी. मात्र सैन्यामागून जमीनदार गावात परतले आणि पिकातला वाटा मागू लागले, हेही तितकंच खरं आहे. शेतकऱ्याला सेनापतीचा बाप कोण होता याच्याशी काय घेणंदेणं? दारात उभा राहिलेला जमीनदार त्याला दिसत होता.

"कोल्चाक देशाचा प्रमुख झाला असता."

कागदावर हा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. कोल्चाक 'सर्वोच्च शासक' होता आणि देनिकिनने जून १९१९ मध्ये त्याचं वर्चस्व मान्य केलं होतं. पण श्वेत सेना विजयाच्या सर्वांत जवळ कधी आली ते पाहा. ऑक्टोबर १९१९ च्या मध्याला देनिकिनच्या फौजा ओर्योलमध्ये होत्या, मॉस्कोपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा श्वेत सेनापती युदेनिच पेत्रोग्रादच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) वेशीवर होता. आणि कोल्चाक मागे हटत होता. १४ नोव्हेंबरला त्याची राजधानी ओम्स्कच पडली. मॉस्कोत शिरला असता तर देनिकिन शिरला असता, हजारो किलोमीटर दूर हरत चाललेल्या वरिष्ठाच्या नावाने. ती व्यवस्था किती दिवस टिकली असती? माझा अंदाज असा की सत्ता देनिकिनकडे आली असती आणि त्याच्या हातून लवकरच निसटलीही असती. मॉस्कोवरच्या चढाईच्या आखणीवरून त्याच्याच हाताखालच्या सेनापती व्रांगेलचं त्याच्याशी उघड वाजलं होतं. एप्रिल १९२० मध्ये देनिकिनने पद सोडलं ते व्रांगेलकडेच गेलं. कोर्निलोव्ह आणि अलेक्सेयेव्ह १९१८ मध्येच मरण पावले होते, त्यामुळे सगळ्यांनी ऐकावं असा माणूस उरला नव्हता.

"पुढे शांतपणे लोकशाही आली असती."

स्तालिनचा काळ टळला असता असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण लोकशाही? कोल्चाक सत्तेवर आला तोच १८ नोव्हेंबर १९१८ च्या उठावातून. समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा सहभाग असलेलं संचालक मंडळ, म्हणजे तोवरचं बोल्शेविकविरोधी सरकार, मोडून. बोल्शेविकांनी एका बैठकीनंतर उधळलेली १९१७ ची संविधान सभा पुन्हा बोलवायला त्याने नकार दिला. नवी निवडू, एवढंच सांगितलं. देनिकिनच्या सैन्याने १९१९ मध्ये युक्रेनमधल्या फास्तोवला ज्यूंची कत्तल केली, ती शांत भविष्याच्या या चित्रात कुठे बसवायची?

आणि ओम्स्क. डिसेंबर १९१८ मध्ये तिथल्या तुरुंगात त्याच संविधान सभेचे काही सदस्य होते. बोल्शेविकांचा उठाव झाला त्या रात्री बंडखोरांनी तुरुंग फोडून सगळ्यांना सोडलं. उठाव मोडल्यावर कैद्यांनी परत यावं असा हुकूम निघाला. हे सदस्य आपल्या पायांनी परत आले. त्यांतल्या काहींना, नील फोमिनसह, अधिकाऱ्यांनी बाहेर काढलं आणि इर्तिश नदीकाठी मारलं. कोल्चाक तेव्हा आजारी होता. हुकूम त्याचा होता असं मी म्हणत नाही. पण मारणारे त्याच्याच सैन्यातले होते, आणि मेलेले लोकांनी मतं देऊन निवडलेले.