जिथे गुण सर्वांत कमी, तिथूनच सुरुवात का करायची?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. एक वर्तुळ काढा, त्याचे आठ भाग करा: शरीर, मन, नाती, पैसा, काम, शिकणं, अध्यात्म, परिसर. डोळे मिटून प्रत्येकाला दहापैकी गुण द्या. सर्वांत कमी गुण जिथे, तिथून सुधारणा सुरू करा. 21 दिवसांत सवय लागते. आठही भाग तुमच्याच हातात आहेत.

मुळातली कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगते. अमेरिकेत डॉ. बिल हेटलर यांनी 1976 साली निरोगीपणाचे सहा भाग मांडले. पैसा आणि परिसर हे दोन त्यात पुढे आले. साखर आणि रक्तदाब ठीक, पण घरात कोणी कोणाशी बोलत नाही, अशा माणसाला निरोगी कसं म्हणायचं? माझा आक्षेप आहे तो त्या चार सूचनांवर. त्या पाळल्यावर काय होतं, ते मी घरातच पाहिलंय.

‘डोळे मिटून गुण द्या, मन खरं तेच सांगतं.’

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एका रविवारी मेथी निवडता निवडता कॅलेंडरच्या जुन्या पानामागे ताटली उपडी ठेवून वर्तुळ काढलं. शरीराला दिले आठ. ‘मला काय धाड भरलीय!’ नात्यांना नऊ. शिकण्याला दोन, कारण पेटी शिकायची लग्नाआधीपासूनची इच्छा तशीच राहिलेली. त्या वेळी त्या रात्री बाराला झोपत आणि पावणेपाचला पाणी भरायला उठत. दोन जिने चढल्या की कठड्याला धरून उभ्या राहत. पण त्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की तो त्रास आहे हेच मनात येईना. महिन्याभराने मी बळेच तपासणीला नेलं, तर हिमोग्लोबिन 8.6. बायकांचं बारापेक्षा कमी भरलं तर तो अ‍ॅनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना तो आढळला. त्यातल्या किती जणी स्वतःला आठ गुण देत असतील!

म्हणून जे मोजता येतं, ते आधी मोजा. रक्तदाब यंत्रावर बघा. तो वाढलेला असला तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही. कमरेला टेप लावा. भारतीय बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. झोपेचे तास सात दिवस लिहा, खर्च महिनाभर लिहा. मनासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. ती गेल्या दोन आठवड्यांत किती वेळ प्रसन्न वाटलं, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असं नेमकं विचारते. पंचवीसपैकी तेरापेक्षा कमी आले तर डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा.

‘सर्वांत कमी गुण जिथे, तिथून सुरुवात.’

मला सर्वांत जास्त खटकते ती ही सूचना. आठ भाग एकमेकांवर उभे असतात आणि सगळ्यांवर सारखा भार नसतो. जाऊबाईंनी मेसेजचं ऐकून संध्याकाळचा पेटीचा क्लास लावला. आधीच पावणेपाच तासांची झोप, त्यात क्लासहून येऊन स्वयंपाक. तिसऱ्या आठवड्यात भाता ओढतानाच डोळा लागला. क्लास सुटला, आणि ‘आपल्याच्याने काही होत नाही’ हे मनाने घेतलं ते वेगळंच.

विचारायचा प्रश्न असा: यातली कुठली एक गोष्ट सुधारली तर बाकीच्या दोन-तीन आपोआप हलक्या होतील? त्यांच्या बाबतीत ती झोप होती आणि लोहाच्या गोळ्या. दुसऱ्या कोणाच्या घरी ते डोक्यावरचं कर्ज असेल. आणि छातीत दुखणं किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील, तर वर्तुळ बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा.

‘21 दिवसांत सवय लागते.’

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरला. ऑपरेशननंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ पुढे गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं. कोणाला 18 पुरतील, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. बाविसाव्या दिवशी स्वतःला दोष देत सोडून देणाऱ्यांपर्यंत हे पोचायला हवं.

‘आठही भाग तुमच्याच हातात आहेत.’

नाहीत. पाणी पावणेपाचला येतं, ते नगरपालिकेच्या वेळापत्रकाने. ते कोणी भरायचं हे मात्र घरात ठरतं, आणि आमच्याकडे ते कधी कोणी बोललंच नव्हतं. रिपोर्ट हातात आल्यावर भाऊजींनी काही न बोलता पहाटेचा गजर आपल्या फोनवर लावून घेतला. जाऊबाई आता सहाला उठतात, गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतात. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.2 झालं. पेटी त्यांनी परवा माळ्यावरून खाली काढून पुसली. क्लास कधी लावायचा, ते मी अजून विचारलेलं नाही.