'कितीचं?' म्हणतात ते मागचं चाक

सायकलला चाकं दोन असली तरी राबतं एकच. पुढचं नुसतं वळतं आणि मिरवतं. आपलं निम्म्याहून जास्त वजन मागच्यावर, साखळीची ओढ मागच्यावर, आणि खड्डा दिसला की आपण हँडल उचलून वाचवतो तेही पुढचंच. वर गियरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून मागच्या चाकाचे उजवे आरे जवळजवळ सरळ उभे असतात आणि डाव्यांपेक्षा कितीतरी जास्त ताणलेले. मग रिम वाकते ती मागची आणि आरे तुटतात ते मागचे, यात नवल काय?

एखाददुसरा आरा तुटला म्हणून चाक बदलायला धावू नये. आरा बदलावा, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्यावा, गप्प बसावं. पण निप्पलच्या (आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकांभोवती रिमला चिरा पडल्या असतील, किंवा व्ही-ब्रेकने (रिमला दोन्हीकडून चिमटणाऱ्या ब्रेकने) घासून घासून रिमची कड आत दबली असेल, तर त्या रिमला हात जोडावेत आणि नवं चाक आणावं.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "कितीचं?" आपण ऐटीत सांगतो, "26." आणि इथेच घात होतो. एमटीबीचं (डोंगरी सायकलीचं) 26 म्हणजे टायर जिथे बसतो तिथे 559 मिलिमीटर. साध्या सायकलीचं 26 × 1 3/8 म्हणजे 590. आणि 26 × 1 1/2 म्हणजे 584, जे माप एमटीबीच्या दुनियेत 27.5 या नावाने, चांगली किंमत लावून विकलं जातं. 29चं माप 622, म्हणजे रोड बाइकच्या 700सी एवढंच. थोडक्यात, सायकलवाल्यांच्या जगात इंच हे माप नसून श्रद्धा आहे. (559 आलं कुठून? 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडत. त्या सायकलींचं चाक एवढं होतं, तेच चिकटलं.) म्हणून टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात 54-559 असं काही कोरलेलं असतं ते वाचा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा चाकाचा. दुसरा तळहातावर लिहून मगच दुकानाची पायरी चढा.

एवढ्यावर सुटका नाही. लग्नाच्या पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले तरी भागतं, हबचे (चाकाच्या मधल्या, आरे जिथून निघतात त्या भागाचे) मात्र सगळेच जुळावे लागतात. फ्रेमच्या मागच्या, चाक बसतं त्या दोन खाचांमधलं अंतर मोजा, हब तेवढाच हवा. नट किंवा क्विक रिलीज (हाताने मिटायची दांडी) असेल तर एमटीबीत बहुधा 135 मिलिमीटर. 12 मिलिमीटरचा, हबमधून आरपार जाणारा दांडा म्हणजे थ्रू अ‍ॅक्सल असेल तर 142, आणि त्याचंच रुंद 'बूस्ट' माप असेल तर 148. "थोडं फाकवून बसवू की" असं कुणी म्हणालं तर फ्रेम कशाची आहे ते आधी बघा. स्टीलची असेल तर जाणता माणूस दोन-चार मिलिमीटर सरकवू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सायकल उचला आणि नमस्कार करून निघा.

आता खरा घोळ: फ्रीव्हील की कॅसेट? (चकत्यांचा गठ्ठा हबवर बसवायच्या या दोन तऱ्हा.) जुनं चाक काढून चकत्या उलट्या फिरवा. मधला, पाना बसायचा खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. तो जागचा हलला नाही तर फ्रीव्हील. स्वस्त सहा-सात गियरच्या सायकलींत बहुतेक फ्रीव्हीलच असतं. त्याची गोम अशी की ते हबच्या बाहेर आट्यांवर चढतं, त्यामुळे उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि अ‍ॅक्सलचं टोक आधाराविना लोंबतं. मग एका चांगल्या आदळीत अ‍ॅक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार उजव्या टोकाशी असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सात गियर असले तरी कॅसेटचंच चाक घ्या, सात चकत्यांची कॅसेट घ्या आणि तिच्यामागे 4.5 मिलिमीटरची बिनदात्यांची चकती (स्पेसर) घाला. शिफ्टर (गियर बदलायची कळ) तोच चालतो. पैसे जरा जास्त जातात, पण अ‍ॅक्सल पुन्हा पुन्हा घेण्यापेक्षा बरं.

फ्रीव्हीलच ठेवायचं असेल तर जुनं उतरवण्याचा सोहळा आहे. प्रत्येक पॅडलने ते आणखी घट्ट झालेलं असतं, त्यामुळे हातातल्या पान्याने काही होत नाही. त्याच्या खाचांत बसणारा रिमूव्हर व्हाइसमध्ये (टेबलाला जखडलेल्या शिकंजात) पकडा, चाक त्यावर आडवं ठेवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून उलट्या घड्याळी दिशेने फिरवा. कट्ट असा आवाज येतो. चाक मोडलं असं वाटतं, पण मोडलेलं नसतं. नवं चढवताना आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या वेळी दुवा द्याल.

ब्रेकही बघून घ्या. डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक (मधोमध एकाच कडीने आवळलेली)? व्ही-ब्रेक असेल तर रिमला घासायची सपाट कड हवीच, डिस्कवाल्या रिमला ती नसते. व्हॉल्व्हचं (हवा भरायच्या नळीचं) भोक 8.5 मिलिमीटरचं की बारीक 6.5चं, हेही विचारा. रिमटेप (रिमच्या आत निप्पलवर चढवायची पट्टी) बरोबरच घ्या, नाहीतर निप्पलच्या टोकांनी ट्यूब पंक्चर होते.

बसवताना साखळी सगळ्यात लहान चकतीवर असू द्या. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल आणि चाक बाहेर असेल तर ब्रेकच्या दांडीला कुणालाही हात लावू देऊ नका. पार्किंगमध्ये जमलेल्या सल्लागारांपैकी एकाला ती दाबायची अनावर इच्छा होतेच, आणि पॅड आतल्या आत चिकटतात. क्विक रिलीजच्या स्प्रिंगचं बारीक टोक हबकडे. दांडी मिटताना सायकल चाकांवर उभी हवी, आणि तळव्यावर वळ उठला तरच ती पुरेशी घट्ट.

मग एल स्क्रू, म्हणजे साखळी चकत्यांवर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरवरचा 'L' लिहिलेला स्क्रू. नव्या हबवर चकत्या केसभर आत-बाहेर असतात. मोठ्या चकतीवर साखळी टाकून हाताने पॅडल फिरवा. ती पलीकडे आऱ्यांत उतरायला बघत असेल तर हा स्क्रू आवळा. हे चढणीवर तपासू नका. कॅसेट नवी आणि साखळी जुनी, ताणलेली असेल तर जोर लावला की ती उड्या मारते. म्हणजे चाक घ्यायला गेलेला माणूस चाक, कॅसेट, साखळी, रिमटेप आणि ट्यूब घेऊन येतो, आणि घरी फक्त चाकाची किंमत सांगतो.

पहिल्या फेरीत आरे टिंग-टिंग वाजतात. पीळ सुटत असतो, घाबरू नका, पण काही दिवसांनी पुन्हा आऊट काढून घ्या. आणि चाक घेतानाच जादा आरे मागून घ्या, दोन उजवे, दोन डावे. उजवे जरा आखूड असतात. चिकटपट्टीवर 'उ' आणि 'डा' लिहून फ्रेमला बांधा, कारण रानात आरा तुटतो तेव्हा मोजपट्टी कुणाकडेच नसते.