स्वभावाला औषध असते का?

आमच्या घरी कोणाच्या वागण्याचा विषय निघाला, की आजी ‘स्वभावाला औषध नाही’ एवढेच म्हणत असे आणि चर्चा तिथेच थांबत असे. कॉलेजात असताना ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ हा संगणकावरचा गेम मी पहिल्यांदा खेळलो, तेव्हा आजीने निकाल म्हणून ऐकवलेली ती गोष्ट तिथे प्रश्न होऊन समोर आली: माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? त्यानंतर मी अनेक रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम, खेळलो, त्यांतले काही मनापासून आवडले, परंतु सर्वांत जवळचा कोणता असे विचारल्यास माझे उत्तर आजही ‘टॉर्मेंट’ हेच आहे.

ब्लॅक आयल स्टुडिओज या गेम बनवणाऱ्या कंपनीने हा गेम डिसेंबर १९९९ मध्ये आणला आणि त्याच्या रचनेची मुख्य जबाबदारी ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांच्याकडे होती. सुरुवातीला नायक सिगिल नावाच्या शहरातील शवागारात जागा होतो. त्याला स्वतःचे नावही आठवत नाही, अंगभर जखमांचे वण आहेत, आणि पाठीवर त्यानेच कधीतरी स्वतःसाठी गोंदवून घेतलेल्या सूचना हवेत तरंगणारी मॉर्ट नावाची एक कवटी त्याला वाचून दाखवते. त्याला मरण नाही. मारला गेला तरी तो पुन्हा उठतो, मात्र असे उठताना आधीचे सारे विसरण्याचा धोका असतो. असे त्याचे असंख्य ‘जन्म’ होऊन गेले आहेत. त्यांतला एक सज्जन होता, एक संशयाने वेडा झालेला होता आणि एक थंड डोक्याने माणसे वापरून घेणारा होता.

‘संचित’ या शब्दाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. आपल्याला न आठवणाऱ्या कर्मांचे फळ आपल्यालाच भोगावे लागते, हे आपण कीर्तनात आणि घरातही ऐकत आलो आहोत. पण ते भोगणे प्रत्यक्ष कसे असेल, हे मला या गेमने दाखवले. डॅकॉन हा सोबती शपथेने नायकाशी बांधलेला आहे. एका जन्मी नायकाने त्याचा जीव वाचवला होता, आणि ते उपकार त्याची तलवार आपल्या सेवेत यावी एवढ्याच हिशेबाने केले होते, हे पुढे कळते. ते कृत्य ‘माझे’ नव्हते, तरी डॅकॉन माझ्यामुळेच गुलाम आहे, आणि त्याच्याशी कसे वागायचे हे आता मलाच ठरवायचे आहे.

ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद वगळावा. नायक जेव्हा जेव्हा मरतो, तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी जीव जातो, हे शेवटाकडे उघड होते. तोवर मी कितीतरी वेळा बेफिकिरीने मेलो होतो, कारण इतर गेममध्ये मरण म्हणजे ‘खेळ संपला’ आणि इथे मात्र फक्त पुन्हा उठणे, असे मी धरून चाललो होतो. त्या रात्री मी संगणक बंद केला आणि पुढे खेळायला दोन दिवस घेतले.

लढाई हा या गेमचा कच्चा भाग आहे आणि कर्स्ट गावानंतर ती नको इतकी होते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तिची सक्ती फार थोड्या ठिकाणी आहे. नायकाची बुद्धी आणि शहाणपण वाढवले, तर संवादांत नवे पर्याय उघडतात, हरवलेल्या आठवणी परत येतात आणि अगदी शेवटच्या प्रतिस्पर्ध्यालाही शस्त्र न उचलता बोलून जिंकता येते. या गेममध्ये सुमारे आठ लाख शब्द असल्याचे सांगितले जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मला ते सगळे शब्दकोश शेजारी ठेवून वाचावे लागले, आणि त्या संथ वाचनामुळेच ही माणसे माझ्या मनात इतकी खोल रुजली, असे मला वाटते.

गेममधली रॅव्हेल ही चेटकीण नायकाला तो स्वभावाचा प्रश्न विचारते. तिला ठरावीक उत्तर नको असते, त्याचे स्वतःचे उत्तर हवे असते. पहिल्यांदा गेम खेळताना मी ‘प्रेम’ म्हणालो. पुढच्या वेळी गेम पुन्हा खेळताना, तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी, अनुभव साठवून ठेवणारा एक दगड माझ्या हाती आला, जो पहिल्या वेळी माझ्याकडून राहून गेला होता. त्यात डेओनारा या तरुणीची नायकावरची आर्त माया साठवलेली आहे, आणि तिच्या मनातून ती अनुभवत असतानाच नायकाची त्या वेळची स्वतःची आठवणही जागी होते: ती रडत होती आणि तो तिचा कसा उपयोग करता येईल याचा हिशेब करत होता. तिने त्याच्यावर जीव ओवाळून टाकला, तरी तो तसूभरही बदलला नव्हता. रॅव्हेलपुढे पुन्हा उभा राहिलो, तेव्हा ‘प्रेम’ हे उत्तर माझ्याने देववले नाही. तेव्हापासून दर वेळी मी ‘पश्चात्ताप’ म्हणतो.