पहिला तास

पाच गावं, त्यांच्या वाड्या आणि सगळ्यांत मिळून एकच हायस्कूल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा शाळेत दहावीचा पहिला तास आणि तोही गणिताचा ज्याच्या वाट्याला येतो, त्याचं मागच्या जन्मीचं काहीतरी थकलेलं असणार.

परिपाठ संपतो तेव्हा वर्गात फक्त गावातली मुलं असतात. मी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढतो, ‘कर्णाचा वर्ग’ एवढं म्हणतो, तोच घाटीवरून गाडीचा आवाज येतो. गिअर कसा पडला यावरून आज कोणते डायव्हरकाका आहेत, ते मागच्या बाकावरचा मुलगा अचूक सांगतो. कर्ण कुठला, ते त्याला सांगता येत नाही. मग दारात पंधरावीस छत्र्या. प्रत्येक जण स्वतंत्रपणे ‘मे आय कम इन सर’ म्हणतो, कारण इंग्रजीच्या बाईंनी तसं बजावलंय. त्रिकोण पुन्हा पहिल्यापासून. तो सिद्ध होत आला की सडा, म्हणजे कातळाचा माळ, तुडवत चालत येणारी तिसरी तुकडी हजर! त्यांच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा काजूच्या बियाच जास्त. तोवर पायथागोरसचं प्रमेय गावातल्या मुलांना आरतीसारखं पाठ झालेलं असतं आणि ती माझ्या आधी पुढची ओळ म्हणतात.

गाडीला मी नावं ठेवत नाही. ती तिच्या वेळेला येते, फक्त ती वेळ शाळेची नसते. शिवाय मुलींना एसटीचा पास फुकट आहे. तो नसता तर माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींची शाळा सातवीलाच सुटली असती.

पावसाळ्यात ‘सर, साकवावरनं पाणी जातंय’ हे कारण चालतं. चालायलाच हवं, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की साकवाच्या छोट्या पुलावरून पोरांना कोण पाठवणार? पण शाळेच्या मागच्याच घरात राहणाराही तेच सांगतो. त्याच्या वाटेवर साकव सोडा, साधी मोरीसुद्धा नाही.

खरी परीक्षा शिमग्याची. आमच्या दोन गावांचे शिमगे तेरसेचे, म्हणजे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीचा होम. उरलेल्या तिघांचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचा. त्यानंतर पालखी घरोघर फिरणार, ती आपल्या दारात यायच्या दिवशी पोरगं शाळेत बसेल कशाला? एका गावाची पोरं परत येतात, तोवर दुसऱ्याची जातात. बोर्डाची परीक्षाही नेमकी त्याच सुमाराला.

यंदा मुख्याध्यापकांनी पालकसभा घेतली. ते घाटावरचे. त्यांच्या अधिकारातल्या सुट्ट्या मोजक्या, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा, अशी त्यांनी विनंती केली. ‘शेवटी देव एकच ना?’ असंही म्हणाले. सभेत शांतता पसरली. मग पाचही गावचे मानकरी एकदम बोलायला लागले. सहाण, म्हणजे पालखी बसवायचा चौथरा, कुणाची जुनी, मान कुणाचा पहिला, पालखी कुणाकडून कधी अडवली गेली होती, सगळं निघालं. चहा दोनदा झाला. अखेर एक म्हातारे गावकर उठले, म्हणाले, ‘देवाची तारीख आमच्या हातात नाय. परीक्षेची मानसांच्या हातात हाय.’

बोर्डाने दहावीची परीक्षा शिमग्यानंतर घ्यावी, असा ठराव झाला. एकमताने! सूचक तेरसेचा, अनुमोदक भद्रेचा. मुख्याध्यापकांनी तो इतिवृत्तात लिहून घेतला आणि बोर्डाला पत्र लिहायचं काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, तुमचा तसाही पहिला तास रिकामाच असतो.